चाळीसच्या आतला ऑटो

गेल्या मंगळवारी सकाळी कामठी रस्त्यावर आमच्या शेअर ऑटोला मागून येणारी कार धडकता धडकता राहिली. दोन्ही गाड्यांमध्ये हातभर अंतर उरलं होतं.

ऑटोवाला रोजच्या ओळखीचा आहे. नाव मला ठाऊक नाही. तो एक पाय दुमडून बसतो. त्याची नजर समोर कमी आणि डाव्या कडेला जास्त असते, कारण सवारी तिथेच उभी असते. चाळीसच्या वर तो जात नाही. "अ‍ॅक्सिडेंट स्पीडनं होते," असं तो प्रत्येक नव्या सवारीला सांगतो.

त्या दिवशी कडेच्या एका माणसानं हात दाखवला आणि यानं भर रस्त्यात ब्रेक मारला.

कारवाला उतरला. "मधातच काहून थांबला गा?"

"तू काहून एवढ्या जोरात येऊन राहिला?"

"पन्नासवर होतो. पाटी साठची हाये, पाहून घे."

ऑटोवाल्यानं पाटी पाहिली.

मागे नातीला घट्ट धरून बसलेल्या बाई म्हणाल्या, "त्याची स्पीड राहू दे. तुले मांगं पाहाले काय झालं होतं?"

हात दाखवणारा माणूस एव्हाना आत येऊन बसला होता. "चाल ना गा, मले उशीर होऊन राहिला."

सगळे हसले. ऑटोवाला हसला नाही. "मी आजवर फक्त स्पीडलेच भेत होतो न, बाई," तो म्हणाला. सवारीकडे वळवलेला आरसा त्यानं रस्त्याकडे फिरवला.

इंदोऱ्याला आजी आणि नात उतरल्या. दोघींनाही खरचटलं नव्हतं.