मागच्या रांगेतला प्रेक्षक

पार्ल्याच्या फिल्म क्लबात रविवारी सकाळी एक जुना जर्मन मूकपट होता. दिसेल त्या बाईच्या मागे लागणाऱ्या आणि प्रत्येकीकडून हाकलल्या जाणाऱ्या एका दिलफेक माणसाची गोष्ट. आम्ही दहा-पंधरा सुसंस्कृत माणसं शोकसभेला बसावं तशी विनोद बघत होतो. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ मात्र मांडीवर थाप मारून खदाखदा हसत होते.

"जरा हळू हसा ना," मी म्हणालो. मूकपटातले संवाद मला नीट ऐकायचे असावेत.

पडद्यावर नायकाला आणखी एक चपराक बसली आणि गृहस्थ हसता हसता एकदम थांबले. मग पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे बघत कुजबुजले, "दोन वर्षं यांच्या मागे बसतोय. हा गाढव निदान विचारतो तरी."

दिवे लागताच ते तडक बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"चहा घेणार?"

"मला डायबेटिस आहे."

"बिनसाखरेचा मिळतो."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पर्स उचलली. "चला. पण तासाभरात घरी जायचंय मला."

दोघं गेले. आम्ही उरलेले नायकाच्या एकाकीपणावर चर्चा करायला थांबलो.