चाकूवरच्या अक्षता

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअरची नोकरी धरली आणि वर्षभरात गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक झाले. पुण्याला हे कळल्यावर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, परक्या मुलखात जाऊन आगीत उड्या मारायची हौस कुठून आली तुला?" हौस होतीच. मला बचावपथकाच्या गाडीवर जागा हवी होती, आणि त्यासाठी ऑक्टोबरातली चाचणी पास व्हायचं होतं.

चाचणीत एका हाताने जखमीचं डोकं धरायचं आणि दुसऱ्याने त्याचा सीटबेल्ट कापायचा. म्हणून बटण दाबताच उघडणारा घडीचा चाकू. इथे तो कुणालाही मिळत नाही, कामाची तशी गरज दाखवावी लागते. दलप्रमुखांनी पत्र दिलं आणि मी दुकानदाराचं डोकं खायला मोकळी झाले. तीन शनिवार खाल्लं. एक चाकू दिसायला देखणा, पण जाड हातमोज्यात बटणच सापडेना. दुसऱ्याचं टोक असं, की पट्ट्याआधी माणूस कापला जाईल. तिसरा ओबडधोबड: बोथट टोक, करवतीसारखी धार, मोठं बटण, खिशात उघडू नये म्हणून वेगळा खटका.

"हा स्क्रू काढून आतून साफही करता येतो," दुकानदार म्हणाला.

नवाकोरा चाकू खोलतंय कोण, असं मी मनात म्हटलं. पण घेतला तोच.

तोवर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. खंडेनवमीला त्यांनी पाटावर माझा लॅपटॉप, नवऱ्याचं ड्रिल मशीन आणि मधोमध तो चाकू मांडला. हळदकुंकू, फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत.

दुसऱ्या दिवशी चाचणी. जुन्या गाडीत आमचाच एक सहकारी जखमी होऊन कण्हत बसला होता, जरा जास्तच. डाव्या हाताने मी त्याचं डोकं धरलं, उजव्याने बटण दाबलं. चाकू ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म! "कात्री द्या!" मी ओरडले. कुणीतरी दिली, पट्टा तुटला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दलप्रमुखांनी तिथेच स्क्रू काढले. पात्याच्या फटीतून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा निघाला.

"आल्झो... म्हणजे... तांदूळ?"

ज्या हत्यारावर भिस्त असते त्याची आम्ही वर्षातून एकदा पूजा करतो, असं मी खालमानेने सांगितलं. सगळे खो खो हसले. दलप्रमुख मात्र हसले नाहीत.

"चाकू कुणाचाही अडकतो," ते म्हणाले. "मी तुझा डावा हात बघत होतो. तो जराही हलला नाही. गाडीवर तुझी जागा पक्की."

आनंदाने रडू आलं, तरी घरी गेले ती भांडायच्या तयारीनेच.

"अहो आई, पात्याच्या फटीत कशाला वाहिल्यात अक्षता?"

"तू धड परत यावीस म्हणून चार जास्तच वाहिल्या. पास झालीस का?"

"झाले."

"चाकू न उघडता?"

"न उघडता."

"आणि आलीस धड परत," म्हणत त्या भाजी निवडायला बसल्या. "मग अक्षतांनी आणखी काय करायचं होतं?"