पाण्याच्या वेळेला

गुणाजी तावडेला 'असू दे' म्हणायची खोड होती. रिक्षावाल्याने लांबून नेलं तरी असू दे, भाजीवाल्याने कालची कोथिंबीर गळ्यात मारली तरी असू दे. भांडुपच्या एका कारखान्यात त्याने स्टोअरमध्ये अख्खी नोकरी काढली, आणि मागून आलेले त्याच्या डोळ्यांदेखत पुढे गेले तेव्हाही तो हेच म्हणाला. बायको वनमाला त्याला येताजाता टोचायची. "तुमच्या छातीवर कोणी येऊन बसलं ना, तरी तुम्ही त्याला टेकायला उशी द्याल," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

असा हा माणूस आतल्या खोलीच्या छताला ओल आली तेव्हाही आधी असू देच म्हणाला. मग ओल पंख्यापर्यंत सरकली, रंगाचे पोपडे सुटले, आणि एका दुपारी प्लास्टरचा परातीएवढा तुकडा पलंगावर येऊन पडला. नशीब, पलंगावर कोणी नव्हतं. पण तो पलंग फार काळ रिकामा राहणार नव्हता. मुलगी श्रुतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि ती नि बाळ झोपतील अशी घरात खोली ही एवढीच. तिच्या सासूने फोनवर साखर पेरत सांगितलं, "तुमच्याकडे छत गळतंय म्हणे. मग राहू दे की तिला इथेच. आमचं घर कोरडं आहे." त्या दिवशी वनमाला जेवली नाही. पहिलटकरीण लेकीला माहेरी आणता येत नाही, तर आईबापाने जन्मभर केलं काय, असं ती भिंतीकडे बघून बोलत राहिली. श्रुतिका मात्र एवढंच म्हणाली, "बाबा, काहीतरी करा ना. मला यायचंय." यावर असू दे म्हणणं गुणाजीला जमेना.

तो मदत शोधायला निघाला. मुंबईत मदतीची दारं पुष्कळ, आणि प्रत्येक दारावर माणसं कशी अगदी गोड. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, ते आले, मागे हात बांधून त्यांनी छत न्याहाळलं आणि म्हणाले, "गुणाजीराव, हे दोन घरांमधलं लीकेज. यात सोसायटी पडू शकत नाही. वरच्यांशी बोलून घ्या." वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हा सोसायटीचा प्रश्न आहे असं सांगितलं. नाक्यावरच्या कार्यकर्त्याने तर खांद्यावर हात टाकला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं, आपला माणूस पाठवतो." तो माणूस अजून यायचा आहे. शेवटी वनमालेने बिल्डिंगच्या ग्रुपवर छताचा फोटो टाकला. लोकांनी हात जोडले, रडके चेहरे पाठवले, आणि पाच मिनिटांत कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आला नि छत केकखाली गाडलं गेलं.

वरच्यांशी बोला म्हणे! वर जायला गुणाजीला पाय नव्हते की काय? पण वर राहत होती सुंदराकाकी. बिल्डिंग होण्याआधी या जागेवर चाळ होती, तिथे तिची खोली गुणाजीच्या खोलीला लागून. गुणाजीचा बाप गिरणीत, तिचा नवराही गिरणीत. संपात दोन्ही घरांच्या चुली थंडावल्या तेव्हा काकीने कुठून कुठून तांदूळ आणून पेज केली आणि ती दोन्ही घरांत वाढली. त्या बाईच्या दारात उभं राहून 'तुमचं पाणी माझ्या घरात येतं' म्हणायचं, हे गुणाजीच्या जिभेला कसं जमावं?

तरी तो गेला, एकदा सोडून चारदा गेला. काकी आता ऐंशीच्या घरात. गुडघे गेलेले, कान तर पार गेलेले. गुणाजी ओरडून म्हणे, "काकी, पाणी गळतंय!" काकी म्हणे, "होय रे, च्याय ठेवतंय." मग चहा पिऊन तो खाली यायचा आणि वनमाला विचारायची, "झालं बोलणं?" तो कपडे बदलायला आत जायचा.

प्लंबर भीमराज यालाही त्याने वर नेलं. भीमराजने नळ तपासले, मोरी बघितली, भिंतींवर बोटं वाजवली. सगळं कोरडं ठणठणीत. "काका, लाईन एकदम ओके आहे," तो म्हणाला. "फोडायचं म्हटलं तर फोडतो, पण फोडू कुठे ते तुम्ही सांगा." काकी दारात उभी राहून भीमराजच्या हातातल्या पान्याकडे टक लावून बघत होती. तो जायला निघाला तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. गुणाजीला वाटलं, म्हातारीला फोडाफोडीची भीती वाटली असेल.

श्रुतिकाचे दिवस भरत आले. वनमालेने बोलणंच सोडलं. शेवटी एका संध्याकाळी गुणाजी श्यामकांतांच्या घरी जाऊन बसला आणि उठेचना. श्यामकांतांनी वैतागून काकीच्या मुलाला, चंद्रप्रकाशला, बोरिवलीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून समोर ठेवला. तेव्हा जन्मात पहिल्यांदा गुणाजीचा आवाज चढला. "चंदू, माझ्या पोरीचं बाळंतपण आहे! छत पडतंय माझं! तू येऊन काय तो निकाल लाव एकदाचा!" मग चंद्रप्रकाश म्हणाला, "येतो दादा. रविवारी येतो." घरी येऊन गुणाजीने हे सांगितलं तेव्हा वनमालेने त्याला गरम भाकरी वाढली. तो स्वतःवर इतका खूश होता की त्याने आणखी एक मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. या बिल्डिंगमध्ये टाकीचं पाणी पहाटे तेवढं तासभर सोडतात, आणि त्या तासात कोणी कोणाचं नसतं. बादल्या, कळश्या, पिंप, मशीन, सगळं त्या तासात. दारं बंद, घराघरात धावपळ, आणि पाण्याच्या वेळेला दुसऱ्याची बेल वाजवणारा माणूस या मुलखात अजून जन्मायचा आहे. वनमालेने एक जास्तीची कळशी आणायला गुणाजीला आतल्या खोलीत पिटाळलं. त्याने दिवा लावला तर छतातून पाण्याची धार लागलेली. एरवी या वेळी दोघंही स्वयंपाकघरात नि मोरीत अडकलेली असत, आतल्या खोलीत डोकावायला फुरसत कोणाला? मागाहून दिसायचं ते नुसतं थारोळं. गुणाजीने कळशी तिथेच टाकली. काकीच्या घराची चावी चाळीतल्या रिवाजाने त्याच्याकडे असायचीच. ती घेऊन तो चालता नळ सोडून वर धावला. मागून वनमाला ओरडली, "अहो, पाणी जाईल!"

वर आतल्या खोलीत निळा पिंप होता. मोरीच्या नळाला रबरी पाईप लावून त्याचं तोंड पिंपात सोडलेलं, आणि पिंप भरून वाहत होता. खोलीत घोट्याएवढं पाणी. काकी भिंतीला धरून ओणवी झाली होती आणि जुन्या लुगड्याच्या बोळ्याने पाणी टिपून बादलीत पिळत होती. बोटं थंडीने पांढरी पडली होती.

पाण्यातून मोरीपर्यंत जायला काकीचे गुडघे धजत नव्हते, म्हणून गुणाजीने आधी जाऊन नळ बंद केला. मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. चाळीतल्या बायका रात्री नळ उघडा ठेवून झोपत. पाणी आलं की आवाजाने जाग येई, मग उठून भरायचं. काकी सबंध आयुष्य तशीच झोपली होती. नळ ती अजून उघडा ठेवत होती, फक्त आता तो तिला ऐकू येत नव्हता. उठून पाय खाली टाकला आणि फरशी ओली लागली की तिला कळायचं, आणि मग दिवस वर येईपर्यंत पुसणं. भीमराज पोचला तेव्हा घर कोरडंच असणार होतं.

काकीने मान वर केली आणि त्याला बघून ती घाबरली. पेज वाढणारी ती बाई गुणाजीला घाबरली. "चंदूक सांगू नको रे," ती म्हणाली. "तो माका हय ठेवचो नाय." लेक आपल्याला इथून उचलून नेईल, ही तिची भीती होती.

गुणाजीने तिच्या हातातला बोळा घेतला आणि राहिलेली खोली स्वतः पुसली. खाली आला तेव्हा पाणी गेलं होतं, निम्म्या बादल्या रिकाम्या होत्या. वर काय पाहिलं ते त्याने वनमालेला सांगितलं. त्याने चंद्रप्रकाशला फोन लावला. "चंदू, काही नाही रे, नुसता नळ उघडा राहायचा. मी रोज जाऊन बंद करीन. तू येऊ नको."

"दादा, रोज म्हणजे कधीपर्यंत?" चंद्रप्रकाशचा आवाज दमलेला होता. "ती पाण्यात पाय घसरून पडली म्हणजे? मी म्हणतो बोरिवलीला चल, तीन वर्षं हीच भांडणं चाललीत आमची. ती म्हणते शेजारी आहेत माझे. काल तुम्ही बोललात, मग मला वाटलं, शेजारीसुद्धा नको म्हणतायत."

"मी तसं नाही बोललो रे."

"माझापण फोन स्पीकरवर होता दादा. बायकोनेपण ऐकलं."

गुणाजी श्यामकांतांकडे गेला. त्यांनी सांगितलं, आता हा त्यांचा घरगुती मामला, यात सोसायटी पडू शकत नाही. वनमालेला त्याने विचारलं, काय करू? ती कणीक मळता मळता म्हणाली, "श्रुतिकाला तरी आता येता येईल." म्हणताना तिने डोळ्यांना पदर लावला.

रविवारी चंद्रप्रकाश आला. मुलगा वाईट नव्हता, वाईट असता तर गुणाजीला भांडता तरी आलं असतं. त्याने आईचे कपडे एका बॅगेत नीट भरले, देवघरातले देव रुमालात बांधले. मजल्यावरची माणसं लिफ्टपाशी जमली होती आणि सगळी काकीला म्हणत होती की लेकाकडे मजा आहे तुमची. तिला किती ऐकू येत होतं कोण जाणे. आपण आठ दिवस राहायला चाललो आहोत, असं लेकाने तिला सांगितलं होतं.

लिफ्ट आली. काकी आत पाय टाकणार तोच थांबली आणि तिने गुणाजीचं मनगट धरलं.

"श्रुतिका येतली ना रे? पोर झाला तर मी येईपर्यंत कोणाच्या हातात देऊ नको. न्हाऊ मीच घालतलंय. तिकापण मीच घातलंय."

हे जाणं आठ दिवसांचं नाही, हे तिला सांगायचं तर तिच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांसमोर, ओरडून सांगावं लागलं असतं. गुणाजीने मान हलवली. ती समाधानाने हसली, आणि चंद्रप्रकाशने बटण दाबलं.