पाच घरांचा शब्द, तीन घरांचा शब्द

रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याचे दोन्ही डोळे चिकटून बंद झाले. बोरिक पावडरच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून मी पापण्या उघडल्या, तर आत नुसतं लाल. टेबलावर ह्यांच्या प्रोग्रॅमचे कागद पडले होते. ह्यांनी त्यातला एक उचलून नाकाशी धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "काही दिसत नाही गं." सोमवारी अकरा वाजता मशीनवर ह्यांची पाळी होती. ती शेवटची होती.

त्या साली निम्म्या कलकत्त्याचे डोळे आले होते, त्यात नवल काही नव्हतं. पण वेळ वाईट होती. आम्ही वर्षभरापूर्वी नागपूरहून आलो होतो. ह्यांच्या सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर नवीन बसला होता आणि त्यावर काम करायला ह्यांना एका वर्षाच्या बोलीवर आणलं होतं. जमलं तर मशीनच्या विभागात कायम, नाही जमलं तर परत नागपूरला, जुन्या टेबलावर, फायलींत. ह्यांना ते टेबल नको होतं. मला विचाराल तर मलाही नागपूरचा उन्हाळा नको होता.

काम हुगळी नदीचं होतं. खिदिरपूरच्या गोदीत येणाऱ्या जहाजांना नदीत कुठे किती पाणी मिळेल, याचं गणित मशीनने करायचं. अर्धा प्रोग्रॅम ह्यांनी लिहिला होता, अर्धा ह्यांच्या बरोबरच्या बंगाली बाबूने. बाबू बराकपूरहून रोज गाडीने यायचा. त्याचीही बोली तीच. नाही जमलं तर त्याने गोदीवर पोती मोजायला परत जायचं.

आधीच्या दोन पाळ्या फुकट गेल्या होत्या. मशीनने प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं वाचली, कुठेतरी एक एंड कमी आहे एवढं छापलं आणि थांबलं. कुठे, ते सांगेना.

मला त्यातलं कळलं ते इतकंच. कामाचा एक गठ्ठा सुरू होतो तिथे बिगिन लिहायचं, संपतो तिथे एंड. गठ्ठ्याच्या पोटात दुसरा गठ्ठा असतो, त्याच्या पोटात आणखी एक. जितके बिगिन तितके एंड. एक राहिला की मशीन पुढचं सगळं त्याच गठ्ठ्यातलं धरून बसतं.

आणि हे लिहायचं कसं, यावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं. हे प्रत्येक बिगिन ओळीत एकटा लिहायचे, आतलं काम चौकटीच्या कागदावर तीन घरं सरकवून, आणि एंड बरोबर आपल्या बिगिनखाली, तोही एकटा. एक ओळ म्हणजे एक कार्ड. बाबू कार्ड शेवटच्या घरापर्यंत भरायचा. एकाच ओळीत काम, बिगिन, पुन्हा काम, आणि शेवटी तीन-तीन एंड एकापुढे एक.

"लोक म्हणतात मराठी माणूस चिकट," आमच्याकडे पोहे खाताना तो म्हणायचा, "आणि बघा बौदी, तुमचे मिस्टर एका एंडसाठी अख्खं कार्ड उधळतात. कार्डं परदेशातून येतात, ठाऊक आहे?"

"येऊ देत," हे म्हणायचे. "तुझं लिहिलेलं उद्या तुलाच वाचता येणार नाही."

"मशीनला येतं ना? मग झालं."

तो हिंदीत बोलायचा, बंगाली वळणाने. बौदी म्हणजे वहिनी. पोह्यांत साखर कमी, ही तक्रार दर वेळी. मला वाटायचं, दोन शिकलेले पुरुष, आणि भांडतात कशावर, तर कुठला शब्द कुठल्या ओळीत यावर. बायका असत्या तर लोक हसले असते.

त्या रविवारी मी म्हटलं, "द्या, मी बघते."

"तुला इंग्रजी कुठे येतं?"

"नाही येत. काय शोधायचं तेवढं सांगा."

माझं शिक्षण चौथीपर्यंत, मराठी शाळेत. पण ते कागद चौकटींचे होते, एका घरात एक अक्षर. दुसुतीवरच्या भरतकामाचे नमुने मी तसल्याच कागदांवरून उतरवायची. घरं मोजायला मला कुणी शिकवायला नको होतं. हे म्हणाले, ओळीत एकटाच पाच घरांचा शब्द दिसला की बिगिन. एकटाच तीन घरांचा, पहिलं अक्षर कंगव्यासारखं, तो एंड. दोघं एका उभ्या रेघेत यायला हवेत.

मी फूटपट्टी उभी लावली. बिगिनवरून खाली सरकायचं, एंड सापडला की दोघांना पेन्सिलीचं टिंब. कागद बावीस. मधे उठून वरणाला फोडणी दिली. जेवणाच्या वेळेपर्यंत ह्यांचा भाग संपला.

"सगळे जुळले," मी सांगितलं.

"म्हणजे त्याच्यात आहे," हे म्हणाले. आनंद वगैरे काही नाही.

दुपारी बाबू आपले कागद घेऊन आला. "चार वेळा पाहिलं, बौदी. माझ्यात चूक नाही."

मी त्याचा पहिला कागद पुढे ओढला. एकही घर रिकामं नव्हतं, मुंग्या लागल्यासारखा कागद. "हे मला जमणार नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे, तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"ह्यांचंही इंग्रजीच होतं."

हे डोळ्यांवर कापूस ठेवून आडवे पडले होते. तिथूनच म्हणाले, "बस, आणि सगळं माझ्या पद्धतीने उतरवून काढ."

"सगळं? बारा कागद आहेत!"

"माझ्या पद्धतीत तीस होतील. कोरे कागद कपाटात आहेत."

"मेलो तरी नाही लिहिणार."

"मग पोती मोजा," मी म्हटलं.

त्याने चहा मागितला आणि बाह्या सरसावून बसला. एक कागद उतरवून झाला की माझ्याकडे सरकवायचा. मी पट्टी लावायची. त्याची तोंडाने कुरकुर चालूच होती, की ही पद्धत लहान पोरांची, की यात अक्षरं कमी आणि मोकळी जागा जास्त. एकोणिसाव्या कागदावर माझी पट्टी एका बिगिनवरून निघाली, ती तळापर्यंत गेली. तोवर उतरवून झालेले पुढचे दोन कागदही बघितले. त्या रेघेत एंड नव्हता.

"याचा एंड कुठे आहे?"

"आहे की. इथे ओळीने लिहिलेत." त्याने आपला जुना कागद दाखवला. "एक, दोन, तीन."

"हवेत किती?"

त्याने नव्या कागदावर बोट ठेवून वरून खाली बिगिन मोजले. चार होते. तो बंगालीत काहीतरी पुटपुटला, ते मला कळलं नाही. ह्यांना कळलं असावं, कारण हे कापसाखाली हसायला लागले.

"हसा," बाबू म्हणाला. "बौदी, साखर असेल तर आता थोडे पोहे द्या."

सोमवारी हे घरीच होते. बाबूने सकाळी एक कार्ड पंच करून घेतलं, त्यावर एकच शब्द, आणि ते जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात त्या जागी घातलं. संध्याकाळी तो ऑफिसातून थेट आमच्याकडे आला. मशीन थांबलं नव्हतं. नदीचं पाणी वारभर लांब कागदावर छापून आलं होतं आणि साहेबांनी दोघांच्या नावाची शिफारस लिहायला घेतली होती. हे सांगताना तो डावा डोळा चोळत होता. बुधवारी त्याचे दोन्ही डोळे आले. तुमच्या घरून आणले, म्हणून त्याने निरोप पाठवला, आणि ते खरं होतं.

त्यानंतर त्याने आपली पद्धत बदलली असं काही झालं नाही. कार्डावर कोंबायची सवय त्याने सोडली नाही आणि ह्यांनी त्याला बोलणं सोडलं नाही. मी ते कागद पुन्हा कधी हातात घेतले नाहीत, कुणी दिलेही नाहीत. नागपूरला आम्ही लग्नकार्यापुरते गेलो.

दोघंही मशीनच्या विभागातूनच निवृत्त झाले. आता बाबूही नाही आणि हेही नाहीत. मी आहे.