वावधानात मोडलेला नवस

मे महिन्यात भोकरदन तालुक्यातला डोंगर चढणारी माणसं दोनच प्रकारची: वेडी आणि नवसाची. मी दुसऱ्या प्रकारच्या बाईची सून.

ऑपरेशननंतर मी धड चालायला लागले, तशा माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते) म्हणाल्या, "म्या देवीला बोलून ठेवलंय. तू बरी झालीस की मुक्यानं डोंगर चढीन." मुक्यानं म्हणजे पायथ्यापासून वर नारळ फुटेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. झोपेतही बोलणाऱ्या बाईनं असा नवस करावा! मला देवीचीच काळजी वाटली.

सकाळच्या एसटीनं जालन्याहून राजूर गाठलं. गणपतीचं दर्शन घेतलं (चतुर्थी टाळा, पाय ठेवायला जागा नसते), गरम भजी खाल्ली आणि पायथ्यापर्यंत ऑटो केला. पाणी इथूनच भरून घ्या, वर काही मिळत नाही. ऑटोवाले दादा आभाळाकडे बघत म्हणाले, "ताई, डोंगरावरून जल्दी उतरा बरं. वारं येड्यावानी करून राह्यलंय."

चढ सोपा आहे. वर मात्र नुसतं उघडं पठार, झाड औषधालाही नाही आणि देऊळ पार टोकाला. आत्याबाई तोंड मिटून पुढे चालल्या होत्या. पठाराच्या अर्ध्यात पोचलो आणि वावधान सुटलं. धुळीनं डोळे भरले, पदर तोंडावर बसला, पाय जमिनीवर ठरेनात. समोरच्या आत्याबाई दिसेनाशा झाल्या.

"आत्याबाई!" मी ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. पडल्या असतील का? डोळे मिटून चाचपडत तशीच पुढे निघाले. "नवस गेला चुलीत, बोला ना!"

"मंगल! खाली बस! पुढं कडा हाय!"

आवाज मागून आला. मी बसकण मारली. धूळ जरा विरली तेव्हा दिसलं, चार पावलांवर जमीन संपत होती. खडकाआड बसलेल्या आत्याबाईंच्या शेजारूनच मी पुढे गेले होते. त्या रांगत आल्या, मला मागं ओढलं आणि घट्ट धरून बसल्या.

वारा ओसरला तशा त्या रडायला लागल्या. "नवस मोडला गं. नारळ फुटायच्या आधीच बोलले म्या."

"नवस कोणासाठी केला होता?"

"तुझ्यासाठीच की."

"मंग बोललात कोणासाठी?"

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "देवीला पटंल का?"

देवळात नारळ त्यांनीच फोडला. मग एसटीत बसल्यापासून जालन्यापर्यंत त्या बोलायच्या थांबल्याच नाहीत. मीही मध्ये तोंड घातलं नाही.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, पुढच्या वर्षी नवस मी फेडते, मुक्यानं चढून. आत्याबाई म्हणाल्या, "फेड. पर म्या संगं येनार, आन् बोलत येनार. दोघी मुक्या झाल्यावर हाक कोन मारंल?"