अण्णांची कात्री

मंडळी, आज आपल्या म्हसवडच्या अण्णांचा सत्कार झाला. गावाला डाळिंबाची रोपं त्यांनीच फुकट दिली. स्वतःची कात्रीसुद्धा बागोबाग फिरवायला दिली.

शाल झाली, नारळ झाला. मी माझ्या बागेतलं पहिलं डाळिंब त्यांच्या हातात ठेवलं. टाळ्या वाजत होत्या, अण्णा मात्र फळ उलटून बघत राहिले. देठाजवळ काळा, तेलकट डाग होता.

"तेल्या हाय रं ह्यो," ते हळूच म्हणाले. "माझी कात्री तुझ्याकडनं कुणाकडं गेली?"

हा रोग कात्रीच्या पात्यावरनं पसरतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी परवा फळं तोडून मी ती औषधात न बुडवताच पुढं दिली.

तवापासून बागोबाग विचारत फिरतोय. सगळे म्हणतात, पुढं दिली.

खरं सांगा, कात्री आत्ता कुणाच्या बागेत चालू हाय?