एकशे पासष्ट मैल

सुशीलाबाई पटले नागपूरला शिकून बी.ए. झाल्या होत्या, आणि लग्नानंतरच्या अठरा वर्षांत गोंदियात त्या पदवीचं कुणाला काही काम पडलं नव्हतं. काम पडलं ते १९५३ साली, त्यांच्याच मुलीला, प्रेमिलाला. मिडलनंतर तिची शाळा सुटली होती. आता घरी अभ्यास करून मॅट्रिकला बाहेरून बसायचं, म्हणजे पुढे कॉलेजचं दार उघडणार होतं.

नवरा श्यामलाल धानाच्या गिरणीत कारकून. त्यानं अट घातली होती. "सराव पेपरात सगळ्या विषयांत साठ पडले तं फार्म भरू. नाही तं तिरोड्याचं स्थळ पाहू."

सराव पेपर काढणार कोण? सुशीलाबाईच. गिरणीतल्या जुन्या आवक-चिठ्ठ्या मागच्या बाजूनं कोऱ्या असत. त्यांवर त्या इंग्रजी, इतिहास, भूगोल, आरोग्यशास्त्र, गणित अशा पाचही विषयांचे प्रश्न लिहीत. वैनगंगेचा उगम सांगा. पाणी उकळून का प्यावे? प्रेमिला खाली पेन्सिलीनं उत्तरं लिही. मग चिठ्ठ्या पुरवायच्या म्हणून सुशीलाबाई ती उत्तरं रबरानं खोडीत आणि आठवड्यानं तीच चिठ्ठी पुन्हा पुढे ठेवीत. गुण चढत गेले. बासष्ट, अडुसष्ट, सत्तर. श्यामलालनं चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या आणि फॉर्मवर सही केली. फॉर्म टपालात पडायचा तेवढा राहिला.

बुधवारी दुपारी स्वयंपाक, धुणं, सासूबाईंची औषधं उरकून सुशीलाबाई गणिताला बसल्या. नवं उदाहरण सुचेना. डोकं चालत नव्हतं. म्हणून जुन्यातच एक आकडा बदलला. गोंदियाहून दोन गाड्या एकाच वेळी विरुद्ध दिशांना सुटतात. एकीचा वेग ताशी पंचवीस मैल. दुसरीचा तीस होता, तो खोडून चाळीस केला. तीन तासांनी गाड्यांमधलं अंतर किती?

प्रेमिलानं भराभर लिहिलं. एकशे पासष्ट मैल.

"एकशे पंच्याण्णव हवं," सुशीलाबाई म्हणाल्या. चिठ्ठी उचलून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. खोडलेल्या पेन्सिलीचे वळ कागदात जसेच्या तसे उमटले होते. आठवड्यापूर्वीचं उत्तर, पायऱ्यांसकट.

"प्रेमिले, तू हे पाहून लिहून राहिलीस?"

"दिसे तं पाहू, माय. तूच तं तोच कागद देस."

"मग बोलली काऊन नाहीस?"

"तू खूष होऊन राहिली होतीस न."

सुशीलाबाईंना रागवायचं होतं, पण रागालाही अंगात जोर लागतो. त्या उठल्या, दाराच्या फळीवर खडूनं नवे प्रश्न लिहिले आणि संध्याकाळपर्यंत पोरीला सगळे विषय सोडवायला लावले. इतिहासात चोपन्न. इंग्रजीत पन्नास. भूगोलात सत्तेचाळीस. आरोग्यशास्त्रात एकोणसाठ. गणितात एकतीस. पास व्हायलाच तेहतीस लागत.

"बाबाले नको सांगू," प्रेमिला म्हणाली. "सही तं झालीच आहे."

सहीचा फॉर्म कोनाड्यात होता. सुशीलाबाईंनी तो दोनदा काढला, दोनदा ठेवला. श्यामलाल जेवायला बसला तेव्हा पहिली पोळी वाढताना त्या म्हणाल्या, "पोरीला गणितात एकतीस आहेत."

"आन् सत्तर कोठून येऊन राहिले होते?"

त्यांनी सांगितलं. तो घास हातात धरून बसला. मग हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "बी.ए. झालेल्या बाईले रबर मारलेला कागद दिसला नाही?"

"नाही दिसला."

"मी साठ म्हणलो होतो. एकतीस नाही म्हणलो."

"माहीत आहे मला. म्हणूनच सांगितलं. तुमची सही परत घ्यायची तर घ्या."

त्यांनी फॉर्म पाटापुढे ठेवला. तो त्याकडे बघत जेवला. हात धुऊन आला, तरी फॉर्म तिथंच होता.

"तिरोड्यावाले आइतवारी पोरगी पाहाले येऊन राहिले," तो शेवटी म्हणाला. "त्याहिले नाही म्हणनार नाही मी. फार्मही जाऊ दे. जे आधी जमन ते."

भांडायचं त्राण सुशीलाबाईंत नव्हतं. फॉर्म त्यांनी पाकिटात घातला. आतल्या खोलीत प्रेमिला जागीच होती.

"आइतवारी पाहुणे दुपारी येतील," त्या तिला म्हणाल्या. "सकाळी भूमिती करू."